आहे, पण सापडत नाही

"फडताळातले वेलदोडे आण रे," अशी स्वयंपाकघरातून हाक आली की घरातला मुलगा उठतो, समोरच्या फळीवरचे चार डबे उघडून बघतो आणि तिथूनच ओरडतो, "नाहीयेत!" मग आई पदराला हात पुसत येते, खालच्या कप्प्यातून पितळी डबी काढते आणि मुलाकडे नुसतं बघते. मुलगा खोटं बोललेला नसतो. त्याने जिथे शोधलं तिथे वेलदोडे खरोखरच नव्हते. त्याच्या "नाहीयेत"चा अर्थ एवढाच की मी बघितलेल्या चार डब्यांत नाहीयेत.

लिनक्सच्या टर्मिनलवर नवशिक्याला सर्वांत आधी छळणारा संदेश याच जातीचा आहे : 'कमांड नॉट फाउंड'.

आपण ब्लेंडरचं उदाहरण घेऊ. त्रिमितीय चित्रं आणि ॲनिमेशन करण्याचा हा मुक्त प्रोग्राम. नेदरलँड्सच्या टॉन रोझेंडालने तो उभा केला आणि २००२ साली लोकांकडून एक लाख युरोंची वर्गणी जमवून त्याचा सोर्स कोड कायमचा खुला करून घेतला गेला. उबुंटूच्या किंवा डेबियनच्या भांडारात ब्लेंडर मिळतो, पण तिथली आवृत्ती बऱ्याचदा जुनी असते. म्हणून पुष्कळ लोक ब्लेंडरच्या संकेतस्थळावरून थेट दाबलेली फाइल उतरवून घेतात. ती उलगडली की एक फोल्डर मिळतं आणि त्यात 'ब्लेंडर' नावाची फाइल असते. तिच्यावर दोनदा टिचकी मारली की प्रोग्राम सुरू. इन्स्टॉल असं काही करावंच लागत नाही.

मग टर्मिनल कशाला हवा? ब्लेंडरच्या बाबतीत तरी कारण पक्कं आहे. रात्रभर चालणारं रेंडरिंग करायचं असेल तर खिडकी उघडी ठेवून मशीनवर फुकटचा भार टाकण्यात अर्थ नसतो. 'ब्लेंडर -बी', पुढे फाइलचं नाव आणि शेवटी '-ए' असं टर्मिनलवर लिहिलं की पडद्यावर खिडकी न उघडता सगळी ॲनिमेशन फ्रेमगणिक तयार होत जाते. शिवाय प्रोग्राम अचानक बंद पडला तर तो का पडला हे टर्मिनलवर लिहून येतं. टिचकी मारून उघडलेला प्रोग्राम मुकाट्याने मरतो.

(या पुस्तकात कमांड देवनागरीत दिल्या आहेत त्या वाचण्यासाठी. टाइप करताना त्या अर्थातच रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत करायच्या. अपवाद 'पाथ' या शब्दाचा. तो नेहमी मोठ्या अक्षरांत.)

तर तुम्ही टर्मिनल उघडता, 'ब्लेंडर' लिहिता, एंटर मारता. उत्तर : कमांड नॉट फाउंड. उबुंटू असेल तर तो वर सल्लाही देतो की हा प्रोग्राम इन्स्टॉल करता येईल, त्यासाठी अमुक कमांड द्या. जो प्रोग्राम तुमच्या डाउनलोड्समध्ये येऊन बसलाय तोच पुन्हा आणायला सांगणारा हा सल्ला ऐकून पहिल्यांदा हसू येतं आणि तिसऱ्यांदा राग. त्याहून संतापजनक प्रकार म्हणजे तुम्ही त्याच फोल्डरमध्ये जाता, 'एलएस' देऊन यादी बघता, यादीत ब्लेंडर ढळढळीत दिसतो, आणि तरीही शेल म्हणतो, नाही.

शेल म्हणजे टर्मिनलच्या खिडकीत बसून तुमचं बोलणं ऐकणारा प्रोग्राम. बहुतेक लिनक्सवर तो बॅश असतो, ब्रायन फॉक्सने १९८९ साली ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेला. तुम्ही एखादं नाव लिहिलं की हा शेल सगळी डिस्क धुंडाळत नाही. त्याच्याजवळ फोल्डरांची एक यादी असते. तो पहिल्या फोल्डरमध्ये बघतो, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. सापडलं की तिथेच थांबतो. यादी संपली की हात वर करतो आणि १२७ हा क्रमांक मागे ठेवतो. 'हे नाव मला सापडलं नाही' याचा तो सांकेतिक आकडा. या यादीचं नाव पाथ. 'एको $पाथ' लिहिलं की ती दिसते. कोलनने जोडलेली, एका ओळीची, वाचायला कंटाळवाणी यादी. /यूएसआर/लोकल/बिन, /यूएसआर/बिन, /बिन अशी नावं त्यात सापडतील. तुमचं डाउनलोड्स त्यात नसतं. आणि ते नाही हे चांगलंच आहे.

ही यादी सुरुवातीला अशी नव्हती. न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसनने युनिक्ससाठी १९७१ साली पहिला शेल लिहिला, आणि त्या काळच्या शेलमध्ये कुठे बघायचं हे प्रोग्रामच्या पोटातच लिहिलेलं असे. वापरणाऱ्याला ते बदलता येत नसे. १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती आली, तिच्यात स्टीफन बोर्नचा नवा शेल आला आणि त्याच्याबरोबर पाथ हे बदलता येण्याजोगं चल आलं. कोणी आपल्या घरच्या फोल्डरमध्ये चार कामाचे प्रोग्राम लिहून ठेवले असतील तर आता तो शेलला सांगू शकत होता की बाबा रे, इथेही बघत जा. आज आपण जे करणार आहोत ते बरोबर तेच.

/बिन आणि /यूएसआर/बिन अशी दोन घरं का, हा प्रश्न चौकस वाचकाला पडला असेल. युनिक्सच्या जुन्या मंडळींकडून चालत आलेली हकिकत अशी की पीडीपी-११ यंत्राची पहिली डिस्क भरून गेली, तेव्हा उरलेले प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवर हलवले गेले, आणि त्या डिस्कवर मुळात वापरणाऱ्यांची घरं होती, म्हणून 'यूएसआर'. जागेच्या टंचाईतून झालेली ही वाटणी पुढे कित्येक दशकं तत्त्वज्ञान असल्यासारखी शिकवली गेली. फेडोराने २०१२ साली सतराव्या आवृत्तीत दोन्ही घरं एक केली, इतरही त्या वाटेने गेले, आणि आता अनेक लिनक्सवर /बिन ही /यूएसआर/बिनकडे बोट दाखवणारी नुसती पाटी असते. भाऊ पुन्हा एकत्र नांदू लागले, दारावरच्या दोन पाट्या मात्र तशाच राहिल्या.

आता त्या संतापजनक प्रकाराकडे येऊ. आपण ज्या फोल्डरमध्ये उभे आहोत तिथे तरी शेलने बघायला काय हरकत आहे? विंडोजचा जुना कमांड प्रॉम्प्ट बघतो, आणि तेही सगळ्यात आधी. तिथून आलेल्या माणसाला लिनक्सचा हा अडेलपणा म्हणूनच जास्त खुपतो. पण कॉलेजच्या संगणकावर शंभर विद्यार्थी काम करतात अशी कल्पना करा. त्यांतला एखादा खोडकर /टेम्प या सामायिक फोल्डरमध्ये 'एलएस' नावाची स्वतःची फाइल ठेवतो. ती आधी तुमच्या फायली पुसते आणि मग शांतपणे खरी यादी दाखवते. तुम्ही त्या फोल्डरमध्ये गेलात आणि सवयीने 'एलएस' लिहिलंत की संपलं. म्हणून चालू फोल्डर यादीत ठेवत नाहीत. तिथलाच प्रोग्राम चालवायचा असेल तर टिंब आणि तिरकी रेघ लावून, '/' च्या आधी टिंब देऊन, './ब्लेंडर' असं सांगायचं. टिंबाचा अर्थ 'इथलाच'. जाणूनबुजून सांगितलं की शेलची काहीच तक्रार नसते.

एक गमतीची आणि धोक्याची बारकाई : यादीत दोन कोलन लागोपाठ पडले किंवा शेवटी एक कोलन सुटा राहिला तर त्या रिकाम्या जागेचा अर्थ शेल 'चालू फोल्डर' असाच लावतो. सातव्या आवृत्तीच्या काळापासूनचा हा रिवाज आहे. बंद केलेलं दार एका विरामचिन्हामुळे किलकिलं होतं.

'./'ने काम भागतं, पण दर वेळी त्या फोल्डरमध्ये जाऊन उभं राहणं म्हणजे वेलदोडे हवे असले की आईनेच खाली वाकणं. कायमचा बंदोबस्त दोन तऱ्हांनी होतो. एकतर शेल जिथे बघतो तिथे प्रोग्रामचं नाव पोचवायचं, नाहीतर प्रोग्राम जिथे आहे ते ठिकाण शेलच्या यादीत घालायचं.

पहिली तऱ्हा मला जास्त पसंत आहे, पण ती करण्याआधी प्रोग्रामला नीट घर द्यायला हवं. डाउनलोड्स हा रेल्वे फलाट आहे. सगळे येतात, कोणी राहत नाही, आणि अधूनमधून झाडू फिरतो. लिनक्सच्या फोल्डरांचा एक प्रमाणित आराखडा आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९४ ची, तिसरी २०१५ ची. त्यात बाहेरून आणलेल्या, आपापला बाडबिस्तरा एकाच फोल्डरमध्ये घेऊन येणाऱ्या प्रोग्रामसाठी /ऑप्ट ही जागा राखून ठेवली आहे. ब्लेंडर अगदी तसाच. म्हणून फाइल डाउनलोड्समध्ये उलगडण्याऐवजी थेट तिथेच उलगडावी : 'सुडो टार -एक्सएफ', पुढे दाबलेल्या फाइलचं नाव, मग '-सी /ऑप्ट'. हा 'सी' मोठा. समजा तिथे /ऑप्ट/ब्लेंडर-४.२ असं फोल्डर झालं. (खरं नाव याहून लांबलचक असतं, शेपटीला लिनक्स आणि प्रोसेसरचा प्रकार असतो. मी ते छाटून टाकतो, तुम्हीही छाटा.)

आता इथे एक मोह होतो. ब्लेंडर नावाची ती एकच फाइल उचलून /यूएसआर/लोकल/बिनमध्ये कॉपी केली तर? ते फोल्डर यादीत आहेच! करून बघा. प्रोग्राम सापडेल आणि सुरू होता होता कोसळेल. कारण त्या फाइलला शेजारच्या 'लिब' फोल्डरमधल्या लायब्ऱ्या लागतात आणि '४.२' नावाच्या फोल्डरमधला स्वतःचा पायथन लागतो. घरातून फक्त यजमानाला उचलून आणलं तर पाहुण्यांना चहा कोण देणार?

म्हणून माणूस हलवायचा नाही, पाटी लावायची. या पाटीला सिम्बॉलिक लिंक म्हणतात, बोलण्यात सिमलिंक. बर्कलीच्या युनिक्समध्ये १९८३ पासून ती आहे. ती एक चिमुकली फाइल असते आणि तिच्यात फक्त पत्ता लिहिलेला असतो. वरच्या फळीवरच्या डब्यात चिठ्ठी टाकावी, 'वेलदोडे खालच्या कप्प्यात, पितळी डबीत', तसं. कमांड अशी :

सुडो एलएन -एस /ऑप्ट/ब्लेंडर-४.२/ब्लेंडर /यूएसआर/लोकल/बिन/ब्लेंडर

आधी खरी वस्तू, नंतर पाटीची जागा. क्रम हमखास उलटा होतो. 'सीपी'ने कॉपी करताना जो क्रम असतो तोच इथे, हे लक्षात ठेवलं की पुरे. /यूएसआर/लोकल/बिन हे फोल्डर यंत्राच्या मालकाने स्वतः घातलेल्या गोष्टींसाठी असतं, भांडारातून येणारे प्रोग्राम त्यात हात घालत नाहीत. आता कुठल्याही फोल्डरमधून 'ब्लेंडर' लिहा, खिडकी उघडेल. आणि गंमत अशी की लिंकवरून हाक मारली तरी ब्लेंडर आपला खरा पत्ता विचारून घेतो आणि शेजारच्या लायब्ऱ्या बरोबर शोधतो.

या एका ओळीत लोक सर्वांत जास्त कुठे चुकतात ते सांगतो. ते /ऑप्टमध्ये जाऊन उभे राहतात आणि पूर्ण पत्त्याऐवजी 'ब्लेंडर-४.२/ब्लेंडर' एवढंच लिहितात. कमांड काही न बोलता पूर्ण होते. पाटी तयार होते. पण पाटीवर लिहिलेला अर्धवट पत्ता पाटी जिथे टांगली आहे तिथून वाचला जातो, तुम्ही जिथे उभे होता तिथून नाही. मग शेल /यूएसआर/लोकल/बिनच्या आत ब्लेंडर-४.२ शोधतो आणि अर्थातच ते तिथे नसतं. 'समोरच्या गल्लीत डावीकडे' हा पत्ता दुसऱ्या पेठेत नेऊन टांगल्यासारखं. 'एलएस -एल' दिलं की बाणापुढे लिंकचा पत्ता दिसतो, आणि रंगीत यादी असेल तर तुटकी लिंक सहसा लाल दिसते. पत्ता '/' ने सुरू होत नसेल तर तिथेच शंका घ्या.

सिमलिंकचा खरा फायदा सहा महिन्यांनी कळतो. ब्लेंडरची नवी आवृत्ती येते. ती /ऑप्टमध्ये शेजारी नवं फोल्डर करून ठेवायची, आणि 'एलएन -एसएफ' देऊन पाटी नव्या घराकडे वळवायची. जुनं घर तसंच. एखाद्या अर्धवट कामाची फाइल नव्या आवृत्तीत बिनसली तर पाटी परत फिरवायला दोन सेकंद लागतात. मी 'ब्लेंडर४२' नावाची एक जादा पाटीच लावून ठेवतो.

यंत्र आपल्या मालकीचं नसेल, म्हणजे 'सुडो' चालत नसेल, तर हाच खेळ घरच्या घरात होतो. तुमच्या होम फोल्डरमध्ये '.लोकल' आणि त्यात 'बिन' असं फोल्डर करा आणि लिंक तिथे ठेवा. उबुंटूची व्यवस्था अशी आहे की लॉगिन करताना हे फोल्डर अस्तित्वात असेल तर ते आपोआप यादीत जातं. कळीचा शब्द आहे 'लॉगिन करताना'. फोल्डर आत्ता केलं तर शेलला ते आत्ता ठाऊक नाही. लोक लिंक तपासतात, परमिशन तपासतात, पुन्हा पुन्हा तीच कमांड देतात, आणि खरा उपाय असतो एकदा लॉग आउट होऊन परत येणं.

दुसरी तऱ्हा, म्हणजे यादीच वाढवणं, केव्हा? एका फोल्डरमधून बरेच प्रोग्राम लागत असतील तेव्हा. गूगलमध्ये जन्मलेल्या गो या भाषेची अधिकृत पद्धत हीच आहे. ती /यूएसआर/लोकल/गो इथे उलगडायची आणि आतलं 'बिन' यादीला जोडायचं. होम फोल्डरमधल्या '.प्रोफाइल' या फाइलच्या शेवटी एक ओळ :

एक्स्पोर्ट पाथ="$पाथ:/यूएसआर/लोकल/गो/बिन"

तिचा अर्थ : नवी यादी म्हणजे जुनी यादी, कोलन, आणि हे नवं ठिकाण. 'एक्स्पोर्ट'मुळे या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रोग्रामांनाही ती यादी वारशाने मिळते. नवं ठिकाण शेवटी जोडलं आहे याकडे लक्ष द्या. ते सुरुवातीला जोडलं असतं तर त्यातल्या प्रोग्रामांनी त्याच नावाच्या जुन्या प्रोग्रामांना झाकलं असतं. कधी तेच हवं असतं, पण ते ठरवून व्हावं. '.प्रोफाइल' लॉगिनच्या वेळी वाचली जाते आणि '.बॅशआरसी' टर्मिनलची प्रत्येक नवी खिडकी उघडताना. ओळ दुसरीत घातली तरी टर्मिनलपुरतं काम होतं, फक्त मेनूतून उघडलेल्या प्रोग्रामांना तिचा पत्ता नसतो.

काही प्रोग्राम सिमलिंकला फसतात. बहुतेक वेळा ते शेल स्क्रिप्टच्या रूपात असतात आणि 'मला ज्या नावाने हाक मारली त्याच फोल्डरमध्ये माझं सामान असणार' असं धरून चालतात. त्यांना हाक आली पाटीच्या जागेवरून, म्हणून ते सामान पाटीशेजारी शोधतात. त्यांच्यासाठी पाटीऐवजी दोन ओळींचा निरोप्या ठेवायचा. पहिल्या ओळीत '#!' आणि त्यापुढे /बिन/एसएच, म्हणजे ही फाइल कोणी वाचायची ते. डेनिस रिचीने १९८० साली काढलेली ही युक्ती. दुसऱ्या ओळीत 'एक्झेक', प्रोग्रामचा पूर्ण पत्ता, आणि अवतरणचिन्हांत "$@", म्हणजे मला जे जे सांगितलं ते ते तसंच पुढे पोचव. ही फाइल यादीतल्या एखाद्या फोल्डरमध्ये ठेवा आणि 'सीएचमॉड +एक्स' देऊन तिला चालण्याची परवानगी द्या. परवानगी विसरलात तर संदेश बदलतो : 'परमिशन डिनाइड', आकडा १२६. वस्तू सापडली, पण तिला चालवायची मुभा नाही. १२६ आणि १२७ यांतला फरक ओळखता आला की अर्धी शोधाशोध वाचते.

सगळं बरोबर असूनही भलतंच काही उघडत असेल तर 'टाइप -ए ब्लेंडर' विचारा. यादीतले सगळे ब्लेंडर क्रमाने दिसतील, आणि सर्वांत वरचा जिंकतो. भांडारातला जुना आणि तुमचा नवा, दोन्ही असले तर असं होतं. प्रोग्राम हलवल्यावर शेल हट्टाने जुन्याच ठिकाणी धावत असेल तर 'हॅश -आर' द्या. बॅश एकदा सापडलेले पत्ते पाठ करून ठेवतो, ते त्याला विसरायला लावायचे. आणि 'सुडो' लावल्यावरच प्रोग्राम हरवत असेल तर दोष तुमचा नाही. 'सुडो'ची बहुधा स्वतःची वेगळी, राखीव यादी असते. तुमच्या घरातलं '.लोकल' तिला माहीत नसतं, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते बरंच आहे.

यादी वाढवण्याच्या ओळीत मी स्वतः एकदा कसा पडलो ते सांगायला हवं. दूरचा डेबियन सर्व्हर, समोर फक्त टर्मिनल, माउसचा प्रश्नच नाही. घाईत '.बॅशआरसी'मध्ये ओळ लिहिली, बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं आणि 'एलएस' दिलं. कमांड नॉट फाउंड. 'नॅनो' दिलं. कमांड नॉट फाउंड. 'कॅट', 'सीपी', 'सुडो', सगळ्यांना तेच उत्तर. पोटात गोळा आला. वाटलं, सर्व्हर पुसला गेला. पण 'सीडी' चालत होतं, 'एको' चालत होतं. ते शेलच्या अंगातच असतात, त्यांना शोधावं लागत नाही. 'एको *' लिहिलं आणि फायलींची नावं एका ओळीत पडद्यावर उमटली. सगळं जागेवर होतं. मी नवं ठिकाण लिहिताना जुनी यादी जोडायलाच विसरलो होतो, म्हणून शेलकडे आता एकाच फळीचा पत्ता उरला होता. '/यूएसआर/बिन/नॅनो' असा संपूर्ण पत्ता दिल्यावर संपादक निमूटपणे उघडला. बरोबरीच्या चिन्हापुढे डॉलर, पाथची चार अक्षरं आणि एक कोलन घातला, फाइल जतन केली, बाहेर पडून परत आलो आणि 'एलएस' दिलं.